मनगटावरचं निळं

काष्टी, २० फेब्रुवारी १९४६

साळूबाई विहीणबाईंना बनुबाईचा नमस्कार. तुम्ही तो घ्या किंवा टाका, मी केला आहे.

गोरक्ष, हे पत्र तूच वाचणार. तुझ्या आईला वाचता येत नाही आणि तुझ्या वडिलांना चष्म्यातूनही दिसत नाही. तर मोठ्याने वाच. आईला बोचेल असं काही आलं तर गाळू नको. मला बोचेल असं आलं तर मुळीच गाळू नको.

विहीणबाई, दगडा माझ्या घरी सतरा वर्षं होती आणि तुमच्या घरी सून म्हणून तीन. तिच्या आधीची माझी दोन मुलं गेली, म्हणून दगडासारखी टिकावी या आशेने तिचं ते नाव ठेवलं. ती गेली त्याला सव्वा वर्ष झालं. तेवढ्या दिवसांत आपण एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, आणि त्याला कारण मी आहे.

चव्वेचाळीसच्या श्रावणात मी शेवगावच्या बाजारात वजनकाट्याच्या ओट्यावर चढले आणि भरल्या बाजारात ओरडले की ह्या बाईने माझ्या लेकीला मारून मारून काळीनिळी केली. लग्नात तुम्ही दिलेलं मानाचं लुगडं तुमच्या पायाशी फेकलं. ते लुगडं कसं दिलं होतं हे मी विसरले नव्हते. मांडवात बाया कुजबुजत होत्या की विधवा बाईला मागच्या दाराने द्यावं. तुम्ही मला हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणालात, “लेक हिची हाय, मान हिचा हाय.” हे सगळं आठवत असताना मी ते फेकलं.

आता मला काय दिसलं ते सांगते. नागपंचमीला दगडा माहेरी आली. आमच्याकडे मलिका बांगड्या भरायला येते, तुमच्या बाजारालाही ती येते, तुम्ही तिला ओळखता. तिने दगडाचा हात धरला, चार बोटं आवळून मनगट दाबलं आणि बांगडी चढवली. दुसऱ्या दिवशी त्या चार बोटांचे चार निळे डाग दगडाच्या हातावर उठले. मलिका परत आली तेव्हा मी तिला ते दाखवले. तिने दगडाच्या चोळीची बाही वर केली. दंडावर डाग, पाठीवर डाग, काही जुने पिवळे, काही नवे. मलिका म्हणाली, “बनूआक्का, ह्या पोरीला कुणी मारतंय व्हय?”

दगडा म्हणाली, “न्हाई गं मावशे. मला कुणी बोटसुदिक लावलं न्हाई.”

मार खाणारी प्रत्येक लेक असंच म्हणते, असं मला वाटलं. मी तिसऱ्या दिवशी शेवगावला होते.

पुढे तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि ताप उतरेना. काष्टी स्टेशनावरून आगगाडीने तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढून पाहिला. मला म्हणाल्या, “आजी, रक्त कुठं तयार होतं?” मी म्हणाले, “भाकरीतून.” त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “रक्त हाडांच्या मगजात तयार होतं. तुमच्या लेकीचा मगज आटलाय. म्हणून तिला ताकद नाही, ताप हटत नाही, आणि जरा दाबलं तरी कातडीखाली रक्त सांडतं. तिला कुणी मारलेलं नाही, कुणी करणी केलेली नाही, आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.” मी विचारलं, रक्त वरून घालता येत नाही का? त्या म्हणाल्या, घालू, पण विहिरीचे झरे बुजल्यावर वरून पाणी ओतून विहीर किती दिवस भरलेली राहील? दगडाच्या नवऱ्याने, तुमच्या कानिफनाथने, दोन वेळा रक्त दिलं. दोन वेळा तिच्या ओठांना रंग आला.

मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. कार्तिकात ती गेली.

आता मी हे पत्र का लिहिते आहे? गेल्या महिन्यात मलिका सांगत आली की तुमच्या धाकट्याला, गोरक्षला, लग्नासाठी दोन ठिकाणांहून नकार आला. “सुनेला मारणारं घर,” असं पाहुणे म्हणाले. ते माझे शब्द आहेत, विहीणबाई. मी ते ओट्यावरून फेकले आणि ते अजून फिरत आहेत.

मला तुमची परवानगी हवी आहे. मला त्याच ओट्यावर उभं राहून ते परत घ्यायचे आहेत. नुसते परत घेतले तर लोक म्हणतील, म्हातारीला पटवलं. म्हणून मला त्यांना रोगही सांगायचा आहे. ते मला नीट सांगता येतं. चौदा गावांत सांगितलं आहे. ते पुढच्या पत्रात लिहीन, तुम्ही हे वाचू दिलंत तर.

बनुबाई आसाराम


काष्टी, २ मे १९४६

विहीणबाई,

माझं पहिलं पत्र परत आलं. पाकिटावर शेरा होता, “घेत नाहीत.”

माझे मालक आसाराम पोस्टाचे रनर होते. खांद्यावर थैली आणि हातात घुंगरांची काठी घेऊन रोज धावत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या थैलीतल्या पाकिटांवरून. मला आधी गावांची नावं वाचता आली, मग माणसांची, आणि फार नंतर पुस्तकं. परत आलेलं पाकीट ते वेगळ्या कप्प्यात ठेवत. म्हणत, “ह्याला हात लावू नगं, ह्ये दोनदा चाललंय.” तुमचं पाकीट मी तसंच बाजूला ठेवलं. मग विचार केला, तिसऱ्यांदा चालू दे. ह्या पत्रासोबत ते मलिकाच्या हाती देते आहे. बांगड्यांच्या टोपलीत बसून येणारं पत्र तुम्हाला परत करता येणार नाही, मलिका ऐकायची नाही.

आता चौदा गावांचं सांगते. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दगडाच्या वर्षश्राद्धानंतर मलिका माझ्या ओसरीवर येऊन रडली. म्हणाली, “आक्का, मीच विचारलं, मारतंय का म्हनून. माझ्याच तोंडातनं निघालं.” मी म्हणाले, “तुझ्या तोंडातनं सवाल निघाला. त्याचा निकाल मी केला.” मग आम्ही दोघींनी ठरवलं. गावातल्या बायांचे हात वैद्य पाहत नाही, नवरा पाहत नाही. बांगड्या भरणारी पाहते. तिच्याइतके दंड-मनगटं कुणी पाहत नसेल. मग तिलाच कळायला हवं.

मलिका बांगड्या भरायला बसते आणि मी तिच्या शेजारी. आधी ती माझं मनगट दाबून दाखवते. मालक गेल्यापासून सोळा वर्षं ह्या हाताला बांगडीवालीने हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मलिका म्हणाली, “बघता काय? बांगडी न्हाई भरत, हात दाबतीया.” माझं मनगट तांबडं होतं आणि हा हा म्हणता पूर्ववत होतं. मग मी सांगते. चांगल्या माणसाचं असं होतं. ज्याचं निळं पडतं आणि आठ आठ दिवस राहतं, अंगावर मार न लागता डाग उठतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, चालता चालता दम लागतो, त्याला देवऋषाकडे नेऊ नका, नगरला न्या. आणि कुणाचं नाव घेऊ नका.

हेच मी कागदावर लिहून काष्टीच्या चावडीवर लावलं. शाळेचे मास्तर म्हणाले, “बनुबाई, भाषा सुधारून देतो. मगज नको, मज्जा लिहू.” मी म्हणाले, “मास्तर, मज्जा लिहिलं तर पोरं हसतील. मगज लिहिलं तर बायांना कळेल.” कागद माझ्याच अक्षरात राहिला. मालक असते तर रोज तिथूनच धावले असते.

टोमणेही खाल्ले. एक म्हातारा म्हणाला, “लाखात एकाला व्हनारा रोग, तर आमाला कशापायी सांगती?” मी म्हणाले, “बाबा, त्यो लाखातला एक माझ्या घरात हुता. माझ्या घरावर काय पाटी लावली हुती?” तो जाताना सुनेला म्हणाला, “दाव गं तुजा हात.”

आणि एक गोष्ट ऐका. आमच्या शेजारच्या वाडीत रतनबाई म्हणून नवी सून आहे. तिच्या हिरड्यांतून रक्त, पायांवर डाग. भावाने गावभर केलं होतं की तिच्या सासूने तिला उपाशी डांबलं. मलिकाने हात पाहिला आणि त्याच दिवशी आम्ही तिला नगरला पाठवलं, सासूलाही सोबत पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. तो मगजाचा रोग नव्हताच. खाण्यात आंबट, हिरवं काही नव्हतं त्याचा तो रोग होता. रोज लिंबू, आवळा, हिरवी भाजी. दोन महिन्यांत पोरगी शेतात. बाया मला हसल्या, “आक्का, तुमचा रोग निघालाच न्हाई की.” मी म्हणाले, “न्हाई निघाला त्येच बरं. कुनाच्याच घरात निघू नये म्हनून तर सांगती.”

माझ्या दगडाला लिंबू-आवळ्याने गुण येणार नव्हता. पण रतनबाईची सासू आज बाजारात ताठ मानेने चालते. तिला पाहिलं की मला तुम्ही आठवता.

उत्तर मलिकाच्या तोंडी सांगा. चांगलं नसलं तरी सांगा.

बनुबाई


काष्टी, ११ ऑगस्ट १९४६

विहीणबाई,

मलिकाने तुमचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. गोरक्षने दोन्ही पत्रं वाचली आणि तुम्ही जात्यावरून उठला नाहीत. शेवटी म्हणालात, “बाजार काय माझ्या बापाचा न्हाई. तिला यायचं तर यिऊ दे. तवा ओरडली, आता बी ओरडू दे.” मलिका म्हणाली, ती दार उघडतीय. दुसऱ्या दिवशी गोरक्षचं कार्ड आलं. त्याने एक ओळ वर लिहिली आहे. “आई म्हणते, तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून राग कमी झाला.”

ती ओळ वाचूनच मी हे पत्र लिहायला बसले. गोरक्ष, इथून पुढचं सावकाश वाच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ते खोटं आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला मगजाचं सांगितलं ते दवाखान्यात गेल्यावर आठव्या दिवशी. त्यानंतर दगडा पाच आठवडे जगली. तुम्ही नगरला आलात त्याच्या आधीच मला ठाऊक होतं की तुम्ही तिला बोट लावलं नाही. तुम्ही फाटकाबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली तीन दिवस बसलात. फाटकावरच्या रामोशाने तुम्हाला सांगितलं की आत सोडायचा हुकूम नाही. असा हुकूम दवाखान्याचा नव्हता. मी त्याला हात जोडून सांगितलं होतं की ही बाई आली तर माझी लेक घाबरून मरेल.

खिडकीतून तुमचं हिरवं लुगडं मला दिसायचं. दगडाची खाट आतल्या अंगाला होती, तिला दिसत नव्हतं. कानिफनाथला मी दम दिला होता की आईचं नाव काढलंस तर तूही बाहेर. तो दोनदा रक्त देऊन पांढरा पडला होता, भांडायला त्याच्यात जीव नव्हता. त्याला दोष देऊ नका.

दगडाने मला विचारलं, “आये, आत्या आल्या का गं?”

मी म्हणाले, “न्हाई.”

ती म्हणाली, “बाजरीची मळणी चालू असंल. त्या बिगर कुनाला जमतंय तिथं. येतील.”

तिसऱ्या दिवशी तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. त्याच संध्याकाळी तुम्ही उठलात, लिंबाच्या बुंध्याशी काहीतरी ठेवलंत आणि गेलात. मी खाली जाऊन पाहिलं. फडक्यात बाजरीच्या भाकरी होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. तिला आवडायची तशी, लसूण जास्त. मी ते फडकं वर नेलं नाही. नेलं असतं तर कुणी दिलं ते सांगावं लागलं असतं.

असं का केलं, ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. भरल्या बाजारात बोललेलं खोटं ठरलं हे मला लेकीपुढे कबूल करायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मला सापडलं नाही. माझी लेक तुम्ही आला नाहीत असं समजून गेली, आणि तरी तुमच्यावर रागावली नाही. ती माझ्याहून चांगली होती. तशी ती तुमच्या घरी झाली की माझ्या, हे मी ठरवत नाही.

बाजारात रोगाचं सांगते तेव्हा बाया मला शहाणी म्हणतात. मला ते ऐकायला बरं वाटतं. पण हे तुम्हाला न सांगता मी त्या ओट्यावर चढले असते तर ते दुसरं खोटं झालं असतं.

आता तुमचं दार परत लागलं तर मी समजेन. पण दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजाराला मी शेवगावला येणार आहे, तुम्ही हो म्हणा की नको. गोरक्षच्या लग्नासाठी ते बोलायलाच हवं, आणि बोलायचं माझ्याकडेच आहे. तुम्ही बाजारात आला नाहीत तरी चालेल.

बनुबाई


काष्टी, १४ ऑक्टोबर १९४६

विहीणबाई,

तुम्ही तिथे होतात, तरी लिहिते. गोरक्ष आणि कानिफनाथ बैल घेऊन बाहेरगावी गेले होते, त्यांना कळू द्या. वाच, गोरक्ष.

मी ओट्यावर चढले तेव्हा कांद्याच्या गोण्यांचं वजन चाललं होतं. मापारी म्हणाला, “म्हातारे, उतर, काटा हालतोय.” मलिका त्याला म्हणाली, “हालू दे. दोन वर्सांमागं हालला तवा तू टाळ्या वाजवल्या हुत्या.” तो मागे सरला.

मी म्हणाले, “मी काष्टीची बनुबाई. हितंच उभी राहून मी साळूबाईला सुनेचा काळ म्हणाले. ते खोटं हुतं. माझी लेक मगजाच्या रोगानं गेली. तिला सासरी कुणी बोट लावलं न्हाई. साळूबाई दवाखान्याच्या दारात तीन दिवस बसली, तिला मी आत येऊ दिलं न्हाई.” शेवटचं वाक्य मी पाठ करून आणलं नव्हतं. ते आपसूक निघालं. कुणीतरी मागून म्हणालं, “आरं देवा.”

मग रोगाचं सांगायला घेतलं. मलिकाने माझं मनगट दाबलं. डाग सांगितले, हिरड्या सांगितल्या, ताप सांगितला. मला वाटलं नेहमीसारखं नीट झालं. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून तुमचा आवाज आला.

“बनुबाई, चुकीचं सांगतीय तू. डाग मागनं आलं.”

गोरक्ष, तुझी आई गर्दी सारत ओट्यापाशी आली. मला वाटलं, आता हीसुद्धा माझ्या पायाशी काहीतरी फेकणार. ती वर चढली. चढताना माझा हात धरला नाही, मापाऱ्याच्या खांद्याचा आधार घेतला. आणि बायांकडे तोंड करून म्हणाली, “डागाच्या आदी दोन महिनं पोर चुलीपाशी बसल्या बसल्या दमायची. पान्याची घागर अर्ध्या वाटंत खाली ठेवायची. मी म्हनायची, आळशी झालीय. पापण्याच्या आत तांबडं नव्हतं, नखं पांढरी हुती. मला दिसत हुतं अन् कळत न्हवतं. तवा बायांनो, डागाची वाट बघू नगा. सून दमती म्हनली तर आदी तिची पापनी खाली वडून बघा, मग बोला.”

एका बाईने तिथेच आपल्या सुनेची पापणी ओढून पाहिली. मलिका हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

विहीणबाई, चौदा गावांत मी हे सांगत फिरले आणि सुरुवात मला ठाऊकच नव्हती. ती तुमच्या चुलीपाशी झाली होती. मला कुणीही शहाणी म्हणालं नसतं, तुम्ही आधी बोलला असता तर.

उतरल्यावर तुम्ही मला म्हणालात ते मी इथे लिहिते, म्हणजे पुढे कुणी गोड करून सांगणार नाही. “फाटकाचं म्या माफ करनार न्हाई. मरस्तोवर न्हाई.” मी म्हणाले, नका करू. तुम्ही म्हणालात, “पन सांगायचं ते सगळं सांगत जा. अर्धं सांगून बाया फसतील.” मग विचारलंत, “पुढला बाजार कुठला?” मी म्हणाले, पाथर्डी. तुम्ही मलिकाच्या टोपलीपुढे बसलात आणि हात पुढे केलात. दोन वर्षं तुम्ही बाजारात बांगड्या भरल्या नव्हत्या, हे ती मला मागून म्हणाली. तिने तुमचं मनगट दाबलं तेव्हा चारी बाजूंनी बाया वाकून पाहत होत्या. तांबडं झालं आणि गेलं.

लुगडं मी मागत नाही. गोरक्ष म्हणतो, ते तुमच्या पेटीत तळाला आहे. तिथेच असू द्या.

चावडीवरचा कागद मी काल उतरवला आणि नवा लिहिला. पहिली ओळ तुमची आहे, पापणीची आणि घागरीची. मग मलिकाची, मनगटाची. माझी शेवटी. मास्तरांनी वाचून विचारलं, “कागद तिघींचा आहे का?” मी म्हणाले, हो.

पाथर्डीच्या बाजाराला मी आणि मलिका सकाळच्या मोटारीने येऊ. तुम्ही आलात तर ओट्यावर आधी तुम्ही चढा. दगडाची सुरुवात तुम्ही पाहिली आहे, शेवट मी पाहिला आहे. एकटीने सांगितली तर ती पुरी होत नाही.

बनुबाई आसाराम